खाली बघायचं नाही

ती पिशवी पाचव्यांदा दुकानात परत आली तेव्हा छकुलीच्या पुढ्यात नऊ जॅकेटं होती, आणि नऊच्या नऊ जॅकेटांच्या चेन तुटलेल्या होत्या. थंडी पडली की लोकांना आपल्या जॅकेटची चेन तुटल्याचं आठवतं, आणि सगळ्यांना ते उद्या सकाळीच हवं असतं. अशा दिवसांत दार उघडल्याचा आवाज आला की तिच्या कपाळावर आठी यायचीच. पण दादा आत आला की एका आठीने भागायचं नाही.

छकुली हे काही तिचं खरं नाव नव्हे. वय वर्षं एकावन्न, शिवणकामाचं स्वतःचं दुकान, अख्खी गल्ली तिला ताई म्हणायची. पण ती रांगत असताना थोरल्या भावाने जे नाव ठेवलं ते त्याने काही सोडलं नाही. भरल्या दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत, तो तिला त्याच नावाने हाक मारायचा.

त्या दिवशीही त्याने तेच केलं. पिशवी जॅकेटांच्या ढिगावर टाकली, स्टूल ओढलं आणि म्हणाला की छकुली, आतलं अस्तर काढ, फार जाड झालंय.

पिशवी म्हणजे साधी पिशवी नव्हती. दादाला रेडिओवर चालणारी छोटी विमानं उडवायचा नाद होता. रविवारची सकाळ झाली की गावाबाहेरच्या मैदानावर पाच-सहा माणसं माना वर करून उभी राहायची, त्यातला तो एक, आणि तिथला सगळ्यात जुना. उन्हाळ्यात ते ठीक होतं. हिवाळ्यात मात्र गळ्यात अडकवलेल्या त्या डब्याच्या दोन दांड्या उघड्या बोटांनी हलवायच्या म्हणजे बोटांची लाकडं होतात. म्हणून डबा आणि दोन्ही हात एकत्र आत मावतील अशी उबदार पिशवी शिवायची, बाजूंना हात घालायला दोन भोकं, वर पारदर्शक प्लास्टिकची खिडकी. छकुली त्या डब्याला रिमोट म्हणायची. दादा दर वेळी दुरुस्त करायचा, ट्रान्समीटर.

पहिल्या खेपेला हाताची भोकं सैल निघाली, वारा शिरतो म्हणाला. तिने इलॅस्टिक घातलं. ते घट्ट झालं. ऐन वेळी उजवा हात बाहेर निघेना आणि विमान कुंपणाच्या झुडपात गेलं. पंख मोडला. तिने इलॅस्टिक ढिलं केलं. मग खिडकी लहान पडली. ती मोठी केली तर तिच्यावर श्वासाची वाफ साचायला लागली आणि विमान शेपटीवर आपटलं. तिने खिडकीच्या कडेला हवा खेळायला बारीक भोकं पाडली. आता अस्तर. आणि या सगळ्या मोडतोडीचं खापर दर वेळी एकाच ठिकाणी फुटायचं. तुझ्या पिशवीमुळे.

एकदा ती म्हणाली होती की बाजारात तयार मिळतात म्हणे, घेऊन टाक एक. त्यावर दादाने असा चेहरा केला की जणू तिने त्याला दुसऱ्याच्या घरी जेवायला जा म्हटलं.

अस्तर काढायचं म्हणजे चारही बाजू उसवायच्या, खिडकी सोडवायची, पातळ कापड लावायचं आणि पुन्हा सगळं बंद करायचं. प्लास्टिकवरून मशीनची सुई नीट चालत नाही, थोडी ओढ पडली की फाटतं. म्हणून ते काम हाताने. तिने दीड तास मान मोडून ते केलं. दादा त्या दीड तासात स्टुलावर बसून वाऱ्याबद्दल बोलत होता.

बुधवारी पिशवी सहाव्यांदा आली. या वेळी बोटांच्या टोकांना अस्तर नकोच होतं. कापड मध्ये आलं की बोटांना दांडीचं काही कळत नाही, असं त्याचं म्हणणं. विमान नाकावर पडलं होतं.

छकुलीने कात्री खाली ठेवली. जॅकेटवाली एक बाई समोर उभी होती, म्हणून आवाज चढवता आला नाही. दात आवळून बोलली.

"दादा, मी रविवारी मैदानावर येणार आहे. माझ्या डोळ्यांनी बघणार काय बिघडतंय ते. तोवर या पिशवीला मी हात लावणार नाही."

तो म्हणाला, तू कशाला थंडीत येतेस, तुला त्यातलं काय कळणार. तिने पुढच्या चेनला हात घातला.

रात्री वहिनीचा फोन आला. ती तर छकुलीपेक्षा जास्त वैतागलेली होती. जेवायच्या टेबलावर पंधरा दिवस पंख वाळत पडलाय, घरभर गोंदाचा वास, थंडीत बॅटरी लवकर उतरते म्हणून हा माणूस बॅटऱ्या माझ्या लोकरीच्या मोज्यांत गुंडाळून ठेवतो आणि मी गार पायांनी फिरते. काही विचारलं की अंगावर येतो. पूर्वी असा नव्हता, दीड वर्षापूर्वी घड्याळाचं दुकान बंद केल्यापासून असा झालाय. तू जाच, असं म्हणून वहिनीने फोन ठेवला.

दुकान बंद झालं ते सगळ्यांना माहीत होतं. दादा घड्याळजी होता, चाळीस वर्षं. आता घड्याळं दुरुस्त करतो कोण, सगळे मोबाइलात वेळ बघतात, असं म्हणून त्याने एके दिवशी पाटी उतरवली. छकुलीला तेव्हा फार वाईट वाटलं होतं. पुढे कित्येक महिने दुकानात कुणी मोबाइल काढून वेळ बघितली तरी तिला त्या माणसाचा राग यायचा.

रविवारी ती गेली. अंगावर दोन स्वेटर, त्यावर नवऱ्याचा ओव्हरकोट, खिशात सुया, टाचण्या, दोरा, ब्लेड आणि इंचपट्टी. मैदानावरचं गवत पांढरं झालं होतं आणि बुटाखाली काचेसारखं कुरकुरत होतं. एक पत्र्याची शेड, तिच्या आडोशाला दोन बाकं, आणि तोंडातून वाफा सोडणारे चार जण. त्यातले लोकरीची टोपी कानापर्यंत ओढलेले म्हणजे मास्तर. शाळेत कवायत शिकवायचे, आता मैदान सांभाळायचे. तिला पाहून त्यांनी बाकावरचं गोठलेलं दव हाताने पुसलं आणि बसा म्हणाले. बसल्या बसल्या तिला कळलं की उभं राहिलेलं बरं.

दादाने विमान जमिनीवर ठेवलं, हात पिशवीत घातले आणि विमान उडालं. छकुलीला वाटलं होतं त्यापेक्षा ते छान होतं. पोपटी रंगाचं, हाताभराचं, मैदानावरून गुरगुरत एक मोठा फेरा मारून परत आलं. क्षणभर तिला रागावल्याचं विसरायला झालं.

मग तिने सवयीने विमान सोडून माणसाकडे बघितलं. कपडे शिवणाऱ्याची नजर माणसाच्या अंगाकडेच जाते. शेजारी उडवणाऱ्यांच्या माना वर होत्या, हनुवट्या आभाळाकडे. दादाची मान वर-खाली होत होती. वर विमान, खाली खिडकी, वर विमान, खाली खिडकी.

ती मास्तरांना म्हणाली की तुम्ही कुणी खाली बघत नाही. मास्तर म्हणाले, बघायचंच नसतं. खाली बघितलं की विमान गेलं. बोटांना आपोआप कळतं दांडी कुठे आहे ते. मग म्हणाले, "मला हे तुमच्या दादांनीच शिकवलं. खाली बघायचं नाही, म्हणून पाठीत धपाटे घालायचे."

ते बोलत होते तेवढ्यात विमान वळणावर कलंडलं. दादाने खाली बघितलं. पुन्हा वर बघितलं तेव्हा विमान जमिनीपासून माणसाच्या उंचीवर होतं. गोठलेल्या जमिनीवर ते आपटलं तो आवाज फळी मोडावी तसा आला, आणि नाकावरच्या पंख्याचे तुकडे उडून शेडच्या पत्र्यावर वाजले. थंडीत प्लास्टिक ठिसूळ होतं.

दादा तिच्याकडे वळला. "बघितलंस? पिशवी."

छकुलीचा पारा चढला. इतकी थंडी, इतकी जॅकेटं दुकानात पडलेली, आणि हा माणूस. ती तरातरा त्याच्याकडे गेली, खिशातून टाचण्या काढून ओठांत धरल्या आणि म्हणाली, हात आत ठेव, हलवू नकोस, कुठे अडतंय ते आत्ता इथे बघते. अंगठ्याजवळ कापडाचा फुगवटा येत होता तो तिने चिमटीत धरला आणि टाचणी घातली. दादा तोवर बोलतच होता. वारा पूर्वेचा आहे, वळण घ्यायला जागा कमी पडते, त्यात पिशवीचं ओझं.

टाचणी कापडात जाते तेव्हा हाताला एक कळतं, आणि माणसात जाते तेव्हा दुसरंच. तीस वर्षांत किती गिऱ्हाइकं तिच्या टाचणीने आई गं करून उडाली असतील, तिलाही तो धक्का पाठ झालेला. टाचणी आत गेली, चांगली गेली, आणि तिची बोटं जागच्या जागी थांबली. दादा थांबला नाही. तो पूर्वेच्या वाऱ्याबद्दलच बोलत होता.

तिने टाचणी उपसली, ओठांतल्या टाचण्या काढून खिशात ठेवल्या.

"दादा, हात बाहेर काढ."

"आता काय झालं?"

"काढ म्हणते ना."

त्याने हात काढला. अंगठ्याच्या पेरावर रक्ताचा एक थेंब होता. दोघं ते बघत राहिले. मग त्याने तो पँटला पुसला.

तो म्हणाला, थंडी आहे, थंडीत सगळ्यांचीच बोटं बधिर होतात.  मास्तरांच्या थर्मासमधून तिने चहा ओतून घेतला, स्टीलचा पेला नुसत्या हाताने धरवेना इतका गरम होता. तो तिने दादाला दिला. दादाने तो सहज धरला, आणि धरून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की बहीण आपल्याकडे बघतेय.

शेडच्या मागे नेऊन तिने विचारलं कधीपासून. आधी तो चिडला, मग दोन-तीन गोष्टी वेड्यावाकड्या सांगितल्या, आणि शेवटी पत्र्याला पाठ टेकून म्हणाला,

"घड्याळाचा स्क्रू चिमटीत आहे की खाली पडला, ते बघावं लागायचं. एका बाईच्या घड्याळाचे तीन स्क्रू एका दुपारी हरवले. त्या दिवशी पाटी उतरवली."

"आणि मला सांगितलंस मोबाइल."

"सगळेच सांगतात तसं."

"मी वर्षभर लोकांच्या मोबाइलांना शिव्या घातल्यात, दादा. पाच वेळा शिवण उसवलीये. माझी मान गेली, डोळे गेले. एकदा, फक्त एकदा म्हणायचंस की बोटांना कळत नाही."

"सांगून काय झालं असतं?" तो म्हणाला. "तुम्ही दोघींनी मिळून मला खुर्चीत बसवलं असतं."

त्या क्षणी त्याला खुर्चीला बांधून ठेवावं असंच तिला वाटत होतं. पण त्याचा आवाज जरा निराळा लागला होता, म्हणून तिने जाऊन विमानाचे तुकडे गोळा केले.  परतीच्या वाटेवर गाडीच्या मागच्या सीटवर मोडकं विमान खडखडत होतं.

वहिनीला सांगायचं काम छकुलीनेच केलं. वहिनी रडली नाही, ओरडली नाही. तिने टेबलावरचा पंख उचलून बाल्कनीत ठेवला आणि दोन दिवस नवऱ्याशी अवाक्षर बोलली नाही. तिसऱ्या दिवशी दोघींनी मिळून त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होती आणि तिला चटकन राग येत होता, त्यामुळे छकुलीला ती आवडली. रक्तातली साखर किती वर्षं वाढलेली होती कोण जाणे, तिने नसा खाल्ल्या होत्या. बोटांच्या आणि पावलांच्या. बाईंनी सांगितलं की दोन वर्षांपूर्वी यायला हवं होतं. औषध घेतलं, पथ्य पाळलं तर इथे थांबेल, पण गेलं ते परत येईल असं धरून चालू नका. घरातही चपला घालायच्या, रोज झोपताना पाय तपासायचे. दादा म्हणाला, चाळीस वर्षं मी मशिनं तपासली, मला सांगू नका. बाई म्हणाल्या, मग हेही मशीन तपासा. वहिनी पहिल्यांदाच हसली.

त्यानंतर दादाने विमान उडवणं सोडलं. आपण होऊन, एका वाक्यात. सगळ्यांना वाटलं, चला, डोक्याचा ताप गेला.

तो ताप छकुलीच्या दुकानात आला. दादा रोज सकाळी दहाला यायचा आणि स्टुलावर बसायचा. मशीनला तेल कुठे घालायचं ते सांगायचा. चेन तुटते कशी, यावर गिऱ्हाइकांना व्याख्यान द्यायचा. तिच्या दोऱ्यांची रिळं त्याने रंगाप्रमाणे लावली, त्यामुळे तिला एकही रीळ सापडेना. दुपारी तो नुसता गप्प बसायचा, आणि ते गप्प बसणं बोलण्यापेक्षा जास्त त्रासदायक होतं. आभाळातून जाणारं खरं विमान ऐकू आलं तरी वर बघायचा नाही.

तेराव्या दिवशी, हो, तिने मोजले होते, तिने दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं आणि मास्तरांकडे गेली. काही मार्ग आहे का, नसला तर मी त्याला तुमच्याकडे पाठवते, तुमच्या बाकावर बसू दे, असं तिने स्पष्टच सांगितलं.

मास्तर म्हणाले, मार्ग आहे. नवशिक्यांना शिकवताना दोन ट्रान्समीटर एका वायरने जोडतात. मोठ्यावर स्प्रिंगचं बटण असतं. ते दाबून धरलं तोवर विमान शिकणाऱ्याच्या हातात. सोडलं की त्याच क्षणी शिकवणाऱ्याच्या. दादांनी दुसरा ट्रान्समीटर घ्यावा आणि शेजारी कुणी भरवशाचा माणूस बटण धरून उभा राहावा. मी राहिलो असतो, पण मला तिघं नवे सांभाळायचे असतात.

"मग कोण?" तिने विचारलं.

मास्तरांनी तिच्या हातांकडे बघितलं. "त्या दिवशी वाऱ्यात उभं राहून तुम्ही टाचणी लावलीत, हात हलला नाही."

छकुलीने कपाळाला हात लावला. तिला विमानात काडीचा रस नव्हता. थंडीत तर मुळीच नव्हता. पण स्टुलावरच्या दादाचा रोजचा चेहरा डोळ्यांपुढे आला, आणि ती बरं म्हणाली.

शिकायला तिला महिना लागला. आठवड्यातून दोनदा, सकाळी दुकान उघडण्याआधी, मास्तरांच्या जुन्या विमानावर. पहिले काही दिवस विमान आपल्याकडे येताना डावं-उजवं उलटं होतं हे डोक्यात बसेना आणि तिने दोन पंखे तोडले. तिला स्वतःलाच हसू यायचं की वळण आलं की तिचा उजवा पाय जमिनीवर दाबला जातो, मशीनच्या पायटीवर दाबावा तसा. मास्तर म्हणाले, दाबा, विमानाचं काही बिघडत नाही. हळूहळू तिला जमलं. शिवताना सुई बघायची नसते, सुईच्या पुढचं कापड बघायचं असतं. इथेही तसंच काहीसं होतं.

दादाला तिने हे सांगितलं. तो म्हणाला, म्हणजे मी नवशिका. ती म्हणाली, नवशिका तरी ऐकतो. वहिनीने मध्ये पडून दोघांना गप्प केलं. रविवारी आपण तिघांनी जायचं, असं तिनेच ठरवून टाकलं, आणि तिच्यापुढे कुणाचं चाललं नाही.

आता पिशव्या दोन लागत होत्या. छकुलीने स्वतःसाठी दुसरी शिवली, चाळीस मिनिटांत, आणि ती पहिल्याच खेपेला बसली. यावर दादाने काही म्हणू नये अशी तिची इच्छा होती. तो म्हणाला की तुझ्यासाठी बरी नीट शिवलीस.

त्या रविवारी थंडी अशी होती की मास्तरांच्या मिशांवर पांढरं जमलं होतं. वहिनी शेडमध्ये थर्मास धरून बसली. विमान छकुलीने उडवलं, उंच नेलं, आणि बटण दाबून म्हणाली, घे.

दादाने घेतलं. पहिला फेरा त्याने असा घातला की ती बघत राहिली. इतकं गुळगुळीत वळण तिला महिनाभरात एकदाही साधलं नव्हतं. मग त्याची मान खाली गेली. तिने बटण सोडलं. विमान तिच्या हातात.

"माझ्याकडे होतं," दादा म्हणाला.

"तू खाली बघितलंस."

"एक क्षण."

"एका क्षणात पंखा जातो. वर बघ, मग देते."

असं सात-आठ वेळा झालं. तो म्हणायचा, मी वरच बघत होतो. ती म्हणायची, मला दिसतं. तो म्हणायचा, तू फार घाई करतेस; ती म्हणायची, तुझं विमान मास्तरांच्या डोक्यात गेलं की मग सावकाश करीन. वहिनी शेडमधून सांगत होती की दोघंही जरा हळू बोला, लोक बघतायत. शेवटी शेवटी मात्र दादाची मान वर टिकायला लागली. एकदा बराच वेळ टिकली. त्याच्या बोटांना काही कळत नव्हतं, पण विमान वळलं की त्याचा खांदा किंचित कलायचा, आणि त्या खांद्यावरून तो अंदाज घेत होता असं तिला वाटलं. 

नेमकं तेव्हाच थंडीमुळे बॅटरीने मान टाकली. मोटर बंद पडली, आभाळात एकदम शांतता झाली. विमान मैदानापलीकडच्या नांगरलेल्या शेतावर होतं. छकुली बटणावरून अंगठा उचलणारच होती.

"थांब," दादा म्हणाला. "नाक खाली ठेवावं लागतं आता. थांब जरा."

तिने बटण सोडलं नाही. का सोडलं नाही ते तिला सांगता आलं नसतं. विमान तरंगत तरंगत खाली आलं, एका सरीत पोटावर बसलं आणि तिथेच राहिलं.

आणायला दोघं गेले. नांगरलेली ढेकळं दगडासारखी गोठलेली होती. दादा पाऊल टाकण्याआधी ते कुठे पडणार ते बघून चालत होता, म्हणून फार वेळ लागत होता. छकुलीचे पाय बर्फ झाले होते, दुकानात एका माणसाचा कोट दुपारपर्यंत द्यायचा होता, आणि तिला त्याला हाताला धरून ओढत न्यावंसं वाटत होतं. ती दोन पावलं पुढे जाऊन थांबायची, तो पोचला की पुन्हा दोन पावलं.

विमानाला काही झालं नव्हतं. पोटाला माती लागली होती तेवढीच. दादाने ते उचललं, नीट धरलंय ना ते डोळ्यांनी बघून घेतलं, आणि म्हणाला,

"पुढच्या रविवारी तू उडव. मी बघतो नुसता. तुला चांगलं जमतं."

आयुष्यात पहिल्यांदा त्याने तिच्या कुठल्या कामाला चांगलं म्हटलं होतं, आणि नेमकं नको त्या कामाला. तिला त्याचाही राग आला.

"इतक्या थंडीत मी तुला बघत उभं करायला आणत नाही," ती म्हणाली. "तू उडवायचंस. आणि जरा लवकर चाल, माझा कोट राहिलाय."

 विमान छातीशी धरून, ढेकळं बघत, तो तिच्या मागून जमेल तितक्या लवकर चालायला लागला.